सतरावं मेंढरू

राजमणी, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

झालं. तुझं नाव सोडलं तर पाच शब्दांचं वाक्य. ते सांगायला मला सहा वर्षं पुरली नाहीत, आणि आता ऐकायला तू नाहीस तर कसं घडाघडा आलं बघ.

तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांची होते. पोरवयच म्हणायचं. आज एकोणऐंशीव्या वर्षी त्या कुमुदकडे वळून बघितलं की वाटतं, हिला कान धरून बाकावर उभी करावी. रक्त गरम, अक्कल बेताची आणि ताठा असा, की वृद्धाश्रमातल्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहिला म्हणजे आपण मुख्याध्यापिकाच आहोत अशी समजूत.

निनावी चिठ्ठीचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी ती डाव्या हातानं लिहिली. पहिलीतल्या पोरासारखी जीभ दाताखाली धरून, अख्खी दुपार खर्ची घालून. आधी लाल पेनानं डावीकडे समास आखला. चौतीस वर्षं वैरागच्या शाळेत मी समासाशिवाय कागदाला हात लावला नव्हता, तो काय कागाळी करताना सुटणार? उजव्या कोपऱ्यात तारीख. मध्ये 'विषय : शिस्तभंगाबाबत'. खाली सही 'आपला एक हितचिंतक'. 'आपला' अशासाठी की संशय पुरुषांवर जावा! मग चार घड्या घालून ऑफिसबाहेरच्या पत्र्याच्या सूचनापेटीत टाकली. त्या पेटीत त्याआधी फक्त आमटी पातळ असल्याच्या तक्रारी पडायच्या.

काय लिहिलं होतं ते तुला ठाऊक आहे. आपल्या व्यवस्थापकांनी, शेटेसाहेबांनी, ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती. का लिहिली ते मात्र मी कोणालाच सांगितलं नाही.

लॉकडाऊन लागला आणि आश्रमाचं फाटक बंद झालं. काम करणाऱ्यांपैकी बहुतेक घरी गेले. कोण त्यांना दोष देईल? तू मात्र उलटी आत आलीस. पिशवीत दोन साड्या, पोचम्मा देवीचा फोटो आणि कडक भाकऱ्यांची चळत. लेक सुजाता तेव्हा कॉलेजात होती, तिला तिच्या बापाच्या स्वाधीन केलंस. मी फाटकाशी उभी होते. विचारलं, "किती दिवस राहणार गं?"

"पंधरा दिवस म्हणतात की बाई."

पंधरा दिवसांचे किती महिने झाले ते आपण दोघींनी पाहिलं.

आम्ही सतरा म्हातारे होतो. अठरावे बिरू आबा, माळशिरसकडचे, जन्मभर मेंढरांमागे हिंडलेले. पुतण्यानं आणून सोडले तेव्हाच त्यांच्या डोक्यातून बरंच काही पुसलं गेलं होतं. बायकोचं नाव आठवायचं नाही, जेवलो की नाही ते आठवायचं नाही. दिवस कलला की मात्र एक गोष्ट न चुकता आठवायची. मेंढरं मोजून कोंडायची आहेत. तू त्यांना रोज फाटकापर्यंत न्यायचीस. त्या वेळेला कुणीतरी शेळ्या घेऊन रस्त्यानं जायचा. आबा काठीच्या टोकानं त्या शेळ्या मोजायचे, मोजणी भरली की "लागली" म्हणायचे आणि शहाण्यासारखे जेवायला बसायचे. त्यांच्या लेखी शेळी आणि मेंढी यांत फरक नव्हता, असं मी एकदा म्हणाले होते. तू म्हणालीस, "फरक कळतो त्यांना. चालवून घेतात." तू माणसांबद्दल असं काही बोलायचीस की मला माझं सगळं शिक्षण फुकट गेल्यासारखं वाटायचं.

लॉकडाऊनमध्ये फाटक बंद आणि शेळ्याही बंद. आबा संध्याकाळी खवळायचे. फाटकाच्या गजांवर डोकं आपटायचे. "मेंढरं भायेर हायती! सोडा मला!" डॉक्टरांनी फोनवरून झोपेची गोळी सांगितली. शेटेसाहेबांनी ती आणवलीही. तू ती हातात घेऊन उलटीपालटी बघितलीस आणि म्हणालीस, "ह्यानं माणूस झोपतंय साहेब. मोजणी राहतीच की."

त्यात ते पांढरे पोशाख आले. पलीकडच्या इमारतीत कुणाला तरी आजार निघाला आणि कामाला राहिलेले तुम्ही चौघं डोक्यापासून पायापर्यंत बंद झालात. आबांनी पहिल्याच दिवशी पाण्याचा पेला फेकून मारला. "तोंड न्हाय तेला! तोंड दाव!" शांताबाई, माझ्या खोलीतली, ती तर भिंतीकडे तोंड करून रामरक्षा म्हणायला लागली. खरं सांगू? भीती मलाही वाटली होती. मी फक्त ती पुस्तकामागे लपवली.

दुसऱ्या दिवशी तू आलीस तर तोंडावरच्या त्या प्लास्टिकच्या काचेवर, बाहेरच्या बाजूनं, बरोबर कपाळाच्या जागी, रुपयाएवढी लाल टिकली. आबांनी पेला उचलला होता. टिकली बघून खाली ठेवला. "आगं तू व्हय," म्हणाले.

एवढंच. तेवढ्या एका टिकलीनं त्या पांढऱ्या भुताची पुन्हा राजमणी झाली. कुठल्या पुस्तकात वाचलं होतंस गं? चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेलेली बाई तू.

आणि त्याच संध्याकाळी व्हरांड्यात उभी राहून ओरडलीस, "सगळ्यांनी आपापल्या दारात या की! आबांना लेक्का करायचं हाय!" मोजणीला तू लेक्का म्हणायचीस. दारं उघडली. आम्ही सतराजण आपापल्या उंबऱ्यात उभे राहिलो, तोंडाला मास्क लावून. आबा काठी घेऊन निघाले, तू त्यांच्या कोपराला धरून. दोन हातांवरून ते एकेकाला निरखायचे, काठी जमिनीवर टेकवायचे, पुढं जायचे. मेंढरांना ते खुणेवरून नावं ठेवायचे तशीच माणसांनाही ठेवली. शांताबाईच्या केसांत पांढरा पट्टा, ती 'बांडी'. बँकेतून निवृत्त झालेले देवकरकाका टकले, त्यांना शिंगं नाहीत, म्हणून 'मुंडा'. देवकरकाकांनी खुशीत डोक्यावरून हात फिरवला.

माझ्यासमोर आबा जरा जास्त वेळ थांबले. मी हनुवटी वर केली. मला वाटलं, आता काहीतरी मानाचं येणार.

"ही मारकी," ते म्हणाले. "हिच्या म्होरं कुनी जाऊ नगा."

व्हरांड्यातले सगळे मास्क एकदम हलायला लागले. शांताबाईला ठसका लागला. आणि तू, राजमणी, त्या काचेमागं तुझे डोळे बारीक झालेले मी पाहिले. तू हसलीस. वैरागच्या शाळेत जिच्या नजरेनं साठ पोरं गप बसायची, तिला मारकी म्हटलं आणि तू हसलीस.

दुसऱ्या दिवशी मी दारात आलेच नाही. बाहेर आबांची काठी थांबली. "एक कमी हाय." मग तू आत आलीस.

"बाई, या की."

"मी मेंढरू नाही."

"कोण म्हणतंय? पण त्यांना मोजायचं आहे."

"अगं, माणसाला प्रतिष्ठा असते की नाही? वेड्याच्या खेळात सगळ्यांना का ओढतेस? ही शुद्ध फसवणूक आहे."

तू विचारलंस, "शाळेत हजेरी घेताना पोरांना कशी हाक मारायचा तुम्ही?"

"नंबरानं."

"मग?"

"ती शिस्त असते."

"माझा नंबर एकोणीस होता," तू म्हणालीस. "चार वर्षं. आमच्या बाईंना माझं नाव माहीत नव्हतं. आबांनी तुम्हाला नाव तरी दिलं की."

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी संतापले. उत्तर नसलं की संतापायचं, ही तरुण माणसांची जुनी खोड. दार लावून घेतलं. बाहेर आबा हलेनात. शांताबाई आतून मला विनवायला लागली, "अगं, त्यांची भाकरी निवतेय." शेवटी मी दार बोटभर उघडलं आणि नुसता उजवा हात बाहेर काढला.

आबा म्हणाले, "शिंग दिसलं. हाय."

पुन्हा सगळे हसले. मी त्याच हातानं दार आपटलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर डाव्या हातानं चिठ्ठी लिहायला बसले.

चिठ्ठीत मी तीन मुद्दे मांडले होते. वृद्धांना जनावरांची नावं दिली जातात. खोलीबाहेर पडू नये अशी सूचना असताना एका रहिवाशाला व्हरांडाभर हिंडवलं जातं. आणि संरक्षक पोशाखावर टिकली चिकटवणं आरोग्याच्या नियमांत बसत नाही. रोगराईचं मी फक्त नाव घेतलं होतं, राजमणी. दुखत होतं ते शिंग.

शेटेसाहेब वाईट नव्हते, भ्यालेले होते. रोज सतरा घरांचे फोन, वरून सरकारी सूचना, आणि त्यात ही हितचिंतकाची शिस्तभंगाबाबतची चिठ्ठी. त्यांनी मोजणी बंद केली, टिकली काढायला लावली आणि तुला स्वयंपाकघरात पाठवलं. तू ऑफिसातून बाहेर आलीस तेव्हा मी फळ्यावर सुविचार लिहीत होते. कुठला ते विचारू नकोस. त्यात 'सहृदयता' असा शब्द होता, एवढंच सांगते. तू माझ्या मागून गेलीस. "बाई, खडू संपत आलाय, शेटेसाहेबांना सांगू का?" एवढंच म्हणालीस. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही. आणि मी चक्क सुटकेचा श्वास सोडला.

तीन दिवस. आबा व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसायचे, काठी मांडीवर आडवी, समोर ताट. भाकरी वाळून कडक व्हायची. "मेंढरं भायेर हायती. मी कसा जेवू?" टिकली नसलेलं कुणी पांढरं जवळ आलं की काठी उगारायचे. मी खिडकीतून बघायची आणि स्वतःला सांगायची की नियम म्हणजे नियम. शांताबाई माझ्याशी बोलायची बंद झाली.

चौथ्या दिवशी सकाळी शेंगाच्या चटणीचा मला वासच येईना. बोट भरून तोंडात घातली तर चवही नाही, नुसतं तिखट. सोलापूरच्या बाईला त्याहून आणखी वेगळी तपासणी नको. दुपारी ताप भरला आणि मला मागच्या अंगणाकडच्या खोलीत हलवलं. जुन्या खाटा ठेवायची ती खोली. पत्र्याचं छप्पर, गजांची एक खिडकी, बाहेर शेवग्याचं झाड.

तिथं माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही, हे आवर्जून लिहिते. ताट वेळेवर दाराशी यायचं. कडी वाजायची, मी उठेपर्यंत पावलं निघून गेलेली असायची. बोटाला चिमटा लावायला कुणीतरी यायचं, आकडा लिहायचं, जायचं. कोण ते कळायचं नाही. सगळे सारखे पांढरे. टिकली मीच काढायला लावली होती ना! पुण्याहून नात रेवा फोनवर म्हणायची, "आजी, काळजी घे हं." घेत होते. आणखी काय करत होते? पत्र्याला ठोकलेले खिळे मोजत होते. आबांना मी वेडं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरत आली असताना, अंगणात काठीचा आवाज आला.

तू स्वयंपाकघर सोडून आली होतीस. कुणाला विचारलं नव्हतंस. तुझ्या पांढऱ्या बाहीवर ज्वारीचं पीठ होतं आणि काचेवर टिकली. आबांना तू खिडक्यांखालून, मागच्या अंगावरून फिरवत होतीस, आणि प्रत्येक खिडकीत एकेक तोंड येत होतं, हे मला नंतर शांताबाईनं सांगितलं. मला फक्त आबांचा आवाज ऐकू आला.

"सोळा लागली. एक कमी हाय."

"कोण कमी आहे आबा?"

"मारकी. कुटं गेली ती?"

"ती मारते की आबा सगळ्यांना. राहू दे."

हे तू मुद्दाम म्हणालीस. मला ऐकू यावं म्हणून. हो की नाही?

"मारू दे," आबा म्हणाले. "मारकी आसली तरी माजी हाय."

मग काठी माझ्या खिडकीच्या गजावर वाजली. "मारके! हायस का न्हाय?"

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोलले असते तर रडू ऐकू गेलं असतं, आणि रडू ऐकू जाणं हा माझ्या मते तेव्हाही शिस्तभंगच होता. तू गजांना धरून वाकलीस. "बोला की बाई. नुसता आवाज द्या. तीन-चार दिवस झाले ह्यांनी काही खाल्लं नाही."

"हजर," मी म्हणाले.

कुठून आला तो शब्द, ठाऊक नाही. चौतीस वर्षं मी तो ऐकला होता. मान खाली घालून, पोरांकडे न बघता, नुसती नंबरासमोर खूण करत. स्वतः म्हणून मला साठ वर्षं उलटून गेली असतील. आवाजही तसाच निघाला, शेवटच्या बाकावरून यावा तसा. आणि तेव्हा मला कळलं की हजेरी घेणाऱ्याला काहीच कळत नसतं. ज्याची घेतली जाते त्यालाच कळतं.

"लागली," आबा म्हणाले. त्यांनी अंगणातल्या पायरीवर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी खिडकीशी उभी राहून बघत होते. तू त्यांच्या भाकरीवर चटणी वाढत होतीस आणि मला वरून म्हणालीस, "आता तुम्ही पण जेवा. सतरा पूर्ण झाले."

त्यानंतर मी बरी होऊन बाहेर येईपर्यंत रोज. ऊन उतरलं की मी केस सारखे करून खिडकीशी बसायची. तू लगेच हसशील, पण एक दिवस मी पावडरसुद्धा लावली होती. शेटेसाहेबांनी एकदा कोपऱ्यावरून सगळं पाहिलं आणि आल्या पावली निघून गेले. आणखी दोन दिवसांनी मी बाहेर आले, तेव्हा तू परत व्हरांड्यात होतीस. त्या संध्याकाळी शेटेसाहेब स्वतः ऑफिसच्या दारात मोजणीला उभे राहिले. आबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "ह्यो आपला न्हाय," म्हणाले. "भायेर काढा." त्यांच्या ऑफिसबाहेरच उभे होते ते, आणखी कुठं काढायचं? त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं शेटेसाहेबच हसले.

शांताबाई गेली ते त्याच पावसाळ्यात. इस्पितळात नेली आणि आणली नाही. आम्हाला तोंड बघायला मिळालं नाही, कुणालाच मिळत नव्हतं. माझ्या शेजारची खाट रिकामी. संध्याकाळी आबा माझ्या दारात आले, आत डोकावले. "एक कमी हाय. बांडी कुटं हाय?"

मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ही काहीतरी थाप मारणार, पाणी प्यायला गेली वगैरे.

"बांडीला पाव्हण्यांच्या कळपात दिली, आबा."

"मला न इचारता?"

"घाई होती आबा. वेळ नाही मिळाला."

आबांनी काठीवर हनुवटी टेकवली. "मानसं बरी हायती का?"

"लई चांगली आहेत."

"मंग आसू दे," ते म्हणाले, आणि रिकाम्या खाटेजवळ एकदा काठी टेकवून पुढं गेले.

शांताबाईला कुणी नीट निरोप दिला असेल तर तो तेवढाच.

पण भांडखोर मी! नंतर तुला गाठून म्हणाले, "खोटं बोललीस तू त्यांच्याशी." तू दमली होतीस. काच काढून भिंतीला टेकलीस. नाकावर व्रण पडले होते. म्हणालीस, "मग खरं काय ते तुम्ही सांगा, बाई. शिकलेल्या आहात. कुठं गेल्या त्या? सांगा, मी उद्या आबांना सांगते." मी अजून उत्तर शोधते आहे. तो वाद तसाच राहिला. आता तर तू अशा ठिकाणी आहेस की उत्तर तुलाच आधी कळणार. यातही तू पुढं गेलीस.

मग सगळं निवळलं, फाटक उघडलं. आबा गेले, आपल्याच खाटेवर, दुपारच्या वामकुक्षीत. त्यांची काठी तू व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगलीस, पण मोजणी सोडली नाहीस. नवे आलेले लोक बिचकायचे. मग मी त्यांना समजावून सांगायची, "उभे राहा हो. बरं वाटतं." मी! आणि तू माझ्या दारात काठी टेकवून म्हणायचीस, "मारकी?" आणि मी म्हणायची, "हजर."

आणि रोज चार वाजता मी तुझ्या स्टोअररूममध्ये. ते आठवून आज मला हसूही येतं आणि दुसरंही काही येतं. वाळलेल्या चादरींचा ढीग असायचा. मी मनाशी वाक्य पाठ करून यायची. पाच शब्दांचं. दारात उभी राहून म्हणायची, "राजमणी, तुला एक सांगायचं होतं."

"आधी हे टोक धरा."

सोलापुरी चादरीची घडी एकट्यानं घालता येत नाही, ओझं असतं ते. मी टोक धरायची. तू पलीकडून. आपण एकमेकींकडे चालत यायचो, टोकं जुळायची, हाताला हात लागायचा, पुन्हा मागं सरायचो. दोन घड्या झाल्या की तू सुजाताच्या नोकरीचं काढायचीस, नाहीतर तुझ्या आईच्या मागाचं. लहानपणी तू मागाखाली बसून तुटलेले धागे जोडायचीस ते. मी रेवाचं सांगायची. चहात साखर किती घालावी यावर आपलं कधीच जमलं नाही. पाच वाजायचे, तू उठायचीस, आणि माझं वाक्य तसंच पोटात घेऊन मी परत. वाटेत स्वतःला म्हणायची, कुमुद, उद्या नक्की.

एकदा तर मी "राजमणी, ती चिठ्ठी" इथपर्यंत पोचले होते. तू म्हणालीस, "दूधवाल्याला लिहायची? उद्या लिहू की. टोक सोडू नका, घडी वाकडी होते."

मला वाटलं, किती भोळी बाई. हिला अजून पत्ताच नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी तू आली नाहीस. सुजाताचा फोन आला. छातीत दुखलं, रिक्षात बसवेपर्यंत संपलं होतं. शेटेसाहेबांनी आम्हा चौघांना गाडीत घालून तुझ्याकडे आणलं. गल्लीतले माग तेवढ्यापुरते बंद ठेवले होते. तुमच्या विणकरांच्या पूर्व भागात मी इतक्या वेळा आले, पण ती शांतता कधी ऐकली नव्हती. तुझ्या कपाळावर मोठं कुंकू होतं. देवकरकाका माझ्या कानात म्हणाले, "टिकली दिसली, बरं झालं." म्हातारा आता पंच्याऐंशीचा आहे. त्या दिवसांतले आम्ही दोघंच उरलोय, मुंडा आणि मारकी.

त्या संध्याकाळी कुणीच दारात आलं नाही. मग मी खिळ्यावरची काठी काढली. गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांना म्हटलं गप बसा. एकेका दारासमोर गेले. सगळे उठून उभे राहिले. मोजून झाल्यावर काठी टेकवून उभीच राहिले, कारण पुढचं वाक्य तोंडातून येईना. देवकरकाका त्यांच्या दारातून म्हणाले, "कोण कमी आहे ते माहीत आहे सगळ्यांना. म्हणून टाका, बाई."

"पाव्हण्यांच्या कळपात दिली," मी म्हणाले. आणि त्या घटकेला मला ते मुळीच खोटं वाटलं नाही. घे, त्या वादात अर्धी हार कबूल.

काल सुजाता आली होती, स्टोअररूमच्या किल्ल्या द्यायला. चार वाजले होते. चादरींचा ढीग तसाच होता. मी एका चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. चालत तिच्याजवळ गेले, टोकं जुळवली, आणि हात न सोडता सांगून टाकलं, "सुजाता, लॉकडाऊनमध्ये तुझ्या आईची तक्रार केली होती ना कुणी, ती मी केली होती. तिची माफी मागायची राहून गेली गं."

पोरगी तोंडावर हात ठेवून हसायला लागली, थेट तुझ्यासारखी. डोळे पुसले, पुन्हा हसली. आणि म्हणाली,

"अय्यो बाई, आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं की! अख्ख्या आश्रमात लाल पेन दुसऱ्या कुणाकडं आहे? मी तिला म्हणायची, मग सांगून टाक ना, त्या बिचाऱ्या उगीच झुरतात. तर म्हणायची, 'तू गप बस. बाई रोज चार वाजता माफी मागायला येतात आणि गप्पा मारून जातात. एकदा मागून झाली की यायच्या बंद होतील.'"